मोट म्हणजे काय?

"पण मोट म्हणजे काय?"

साताऱ्याजवळच्या लिंब गावातल्या बारा मोटेच्या विहिरीवर आज सहलीतल्या एका पोराने विचारलं. 1719 ते 1724 मधलं बांधकाम, ते करवून घेणाऱ्या विरूबाई भोसले, शिवलिंगाचा आकार, आतला महाल, गाइड सगळं मनापासून सांगत होते. इथे मात्र थबकले.

मागे उभे असलेले गावातले एक आजोबा पुढे आले. खांद्यावरच्या टॉवेलची त्यांनी मोट केली. "ही चामड्याची, हिरीतनं पाणी काढायची. बैल धावंवरनं, म्हंजी उतारावरनं, खाली उतरलं की भरून वर येती, थारोळ्यात, म्हंजी वरच्या कुंडात, रिती हुती. आमी नाड्यावर, म्हंजी मोटंच्या दोरावर, बसून गाणी म्हणायचो."

बोलता बोलता ते तिथेच किंचित मागे झुकले, जणू नाड्यावरच बसलेत.

मोट हाकलेली अशी माणसं आता किती उरलीत? आपल्या सहलींमध्ये गाइडशेजारी त्यांना उभं करूया का?