चौथीचा ऊर्जेचा धडा आणि शंभर चिंचोके

‘ऊर्जा म्हणजे कार्य करण्याची क्षमता’ हे वाक्य चौथीची मुलं एका दिवसात पाठ करतात, आणि तिथेच धडा संपतो. मी चिपळूण तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. यंदा व्याख्या फळ्यावर लिहायचीच नाही, असं ठरवलं.

सायकल दुरुस्तीवाल्याकडे जुना डायनामो मिळाला, 6 व्होल्ट 3 वॉटचा. आता नव्या सायकलींना तो दिसतच नाही. सायकल स्टँडवर उभी करून मागच्या चाकाला तो टेकवला आणि पॅडल हाताने फिरवायला लावलं. दिवा लागला, आरडाओरडा झाला. पण मला हवं होतं ते पुढचं. दिव्याची वायर काढली की पॅडल थोडं हलकं होतं, जोडली की जड. दिवा कुणाच्या हातावर जळतोय, हे सांगावं लागलं नाही.

मग बादली. 10 लिटर पाण्याची बादली 1 मीटर उचलायला साधारण 98 ज्यूल (ज्यूल हे ऊर्जेचं माप) लागतात. 9 वॉटचा एलईडी बल्ब तेवढ्यावर जेमतेम 11 सेकंद चालेल. “इतकंच?” पाणी भरून दमलेल्या मुली नाराज झाल्या. नाराजी योग्यच होती. म्हणूनच विजेसाठी पाणी खूप लागतं आणि खूप उंचावरून सोडावं लागतं. त्यासाठी आम्हाला लांब जायला नको. एरवी पूर्वेला कृष्णेकडे जाणारं कोयनेचं पाणी बोगद्यातून पश्चिमेला वळवून पोफळीच्या वीजघरात सुमारे पावणेपाचशे मीटर खाली उतरवलंय. गच्चीवरची 1000 लिटरची काळी टाकी तेवढ्या उंचीवरून रिकामी केली, तर साधारण एक युनिट वीज मिळते. तेच पाणी पुढे वाशिष्ठी नदीत येतं, जी मुलांनी रोज पाहिलेली असते.

दुसऱ्या दिवशी मुलंच साखळी झाली: सूर्य, समुद्र, ढग, धरण, टर्बाइन, जनित्र, तारा, पंखा. ढगापर्यंतचा हिशेब मी सोडून दिला, तो चौथीच्या आवाक्यातला नाही. धरणाच्या हाती 100 चिंचोके दिले, चिंचोके म्हणजे ऊर्जा. प्रत्येकाने पुढच्याला द्यायचे, पण त्यातले थोडे बाजूला उभ्या असलेल्या ‘उष्णते’च्या ओंजळीत टाकायचे. टर्बाइनने दहाएक टाकले, कारण मोठी जलटर्बाइन तेवढंच वाया घालवते. तारांनीही थोडे टाकले.

शेवटी पंखा झालेली मुलगी थांबली. “बाई, माझे मी कुणाला देऊ?”

“वाऱ्याला,” कुणीतरी ओरडलं. बरं, पंखा बंद केल्यावर वारा थांबतो, तेव्हा वाऱ्याचे चिंचोके कुठे गेले? वर्गात दोन तट पडले. एकाचं म्हणणं, संपले. दुसऱ्याचं, लपले. उत्तर मी सांगितलं: हवा भिंतींवर आणि स्वतःवरच घासत थांबते, आणि सगळं उष्णतेकडे जातं. कुणाचाच विश्वास बसला नाही. पंखा आणि उष्णता? छे!

मग घरून मिक्सर आणला. भांड्यात पाणी, आधी थर्मामीटर लावला, मिक्सर थांबत थांबत काही मिनिटं फिरवला, पुन्हा लावला. पारा काही अंशांनी चढला. (मोटारीची धग थोडी आत येते, त्यामुळे याला चोख पुरावा म्हणता येत नाही. 1840 च्या दशकात जेम्स ज्यूलने पाण्यात वल्ही फिरवून हेच काटेकोर मोजलं होतं.) विस्तव नाही, नुसतं ढवळणं, तरी पाणी कोमट, हे पाहिल्यावर ‘उष्णता’ झालेल्या मुलाने पंख्यासमोर हक्काने ओंजळ धरली.

चाचणीत एकच प्रश्न घातला: बंद खोलीत पंखा लावला तर खोली गार होते का? बहुतेकांनी ‘नाही’ लिहिलं, काहींनी घाम वाळतो म्हणून आपल्याला गार वाटतं, हेही लिहिलं. एकाने पुढे जोडलं होतं: “खोलीत माणूस नसेल तर पंखा लावू नये, खोली उगाच तापते.” त्याला पूर्ण गुण दिले.