पानशेत: धरणाआधीचा नकाशा

गेल्या रविवारी जुन्या बाजारात मला भारतीय सर्वेक्षण विभागाचा, कापडावर डकवलेला, एका मैलाला एक इंच या प्रमाणाचा जुना नकाशा मिळाला. पान क्रमांक ४७ एफ/११. तोरणा, वेल्हे आणि आंबी-मोसे नद्यांची खोरी या एका पानावर येतात. मात्र पानाच्या कडा अक्षांश-रेखांशांवरून आखलेल्या असल्यामुळे राजगड दक्षिणेच्या पानावर जातो आणि सिंहगड पूर्वेच्या.

माझी आजी पुण्यात नारायण पेठेत राहायची. घरातली प्रत्येक जुनी गोष्ट ती 'पानशेतच्या आधीची' किंवा 'पानशेतनंतरची' म्हणून सांगे. १२ जुलै १९६१ रोजी आंबी नदीवरचे पानशेतचे मातीचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फोडले आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या; त्यामुळे पानशेत हे मला लहानपणापासून पुराचेच नाव वाटत आले होते. या नकाशावर ते एका गावाचे नाव आहे. शेजारी लाल रंगात घरे, नदीच्या दोन्ही काठांना लागवडीचा पिवळा पट्टा आणि पाबे खिंडीकडे चढत जाणारी तुटक रेषेची पायवाट आहे.

पानशेत धरणाचा आजचा जलाशय, म्हणजे तानाजीसागर, मी पारदर्शक कागदावर उतरवून या पानावर ठेवला. स्थिर पाण्याचा काठ सगळीकडे एकाच उंचीवर असतो, म्हणून तो समोच्च रेषेला (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषेला) समांतर जायला हवा, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. पण दर पन्नास फुटांच्या तपकिरी रेषांमधून तो काठ प्रत्येक ओढ्याच्या घळीत आत शिरताना आणि प्रत्येक सोंडेला वळसा घालताना पाहिला, तेव्हा बराच वेळ मला तिथून उठवले नाही. पिवळा पट्टा जवळजवळ सगळा त्या काठाच्या आत होता. बाजी पासलकरांच्या मोसे खोऱ्यातही पुढे वरसगावचे धरण झाले, तेव्हा तिथले चित्र वेगळे नाही.

गावांची नावे इंग्रजी लिपीत असल्याने ळ आणि ल, ण आणि न यांतला भेद पुसला गेला आहे. 'माळ' की 'माल' हे कागदावरून ठरवता येत नाही. पाऊस ओसरला की नकाशाची एक प्रत घेऊन वेल्ह्याला जाणार आहे आणि तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून प्रत्येक वाडीचे नाव देवनागरीत लिहून आणणार आहे.