आंजर्ल्याच्या वाडीतला दीड महिना आणि उभी गाडी

आंजर्ल्यात मुक्काम टाकून तेवीस दिवस झाले होते. त्या सकाळी दापोलीच्या बाजाराला निघायचे म्हणून मी किल्ली फिरवली, तेव्हा स्टार्टरचा नुसता ‘टक्’ असा आवाज झाला आणि डॅशबोर्डवरचे सगळे दिवे मंदावले. मागच्या बाजूला मात्र फ्रीज चालू होता, पंखा फिरत होता आणि घरातल्या बॅटरीचा मीटर 92 टक्के दाखवत होता.

आमची गाडी म्हणजे आतून घरासारखी करून घेतलेली बीएस-6 डिझेल व्हॅन. तिच्यात विजेच्या दोन वेगळ्या व्यवस्था आहेत. बॉनेटखाली इंजिन सुरू करण्यासाठी 100 अँपिअर-तासांची शिसे-आम्लाची बॅटरी, आणि पलंगाखाली घराच्या वापरासाठी 200 अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, जिला टपावरच्या 400 वॉटच्या सोलर पॅनलांकडून आणि गाडी धावत असताना आल्टरनेटरकडून वीज मिळते. घरातल्या वापरामुळे इंजिनाची बॅटरी कधी उतरू नये, म्हणून या दोन्ही व्यवस्था मुद्दाम एकमेकींपासून वेगळ्या ठेवलेल्या असतात. ती विभागणी योग्यच आहे. पण तिच्या भरवशावर मी रोज संध्याकाळी मागच्या बॅटरीचे आकडे वहीत लिहीत राहिलो आणि पुढच्या बॅटरीकडे एकदाही पाहिले नाही.

मल्टिमीटर लावला तेव्हा तिच्यावर 11.8 व्होल्ट होते. भरलेल्या शिसे-आम्ल बॅटरीवर विसाव्याच्या स्थितीत 12.6 ते 12.7 व्होल्ट असायला हवेत, म्हणजे ती जवळजवळ रिकामी झाली होती. पुढे ती चार्ज करून झाल्यावर बॉनेट उघडे ठेवून, गाडीतली सगळी इलेक्ट्रॉनिक यंत्रे झोपी जातील इतका, म्हणजे अर्धा तास थांबून मी मीटर मालिकेत, म्हणजे बॅटरी आणि तिच्या तारेच्या मध्ये जोडला आणि वीज कुठे जाते ते पाहायला एकेक फ्यूज काढत गेलो. बंद गाडी 80 मिलिअँपिअर खात होती, आणि त्यातला मोठा वाटा गाडी कुठे आहे ते कळावे म्हणून मीच हौसेने बसवून घेतलेल्या ट्रॅकरचा होता. आकडा किरकोळ वाटतो; पण रोजचे जवळपास दोन अँपिअर-तास धरले, तर तेवीस दिवसांत 44 होतात, आणि आमची बॅटरी मुक्कामाच्या सुरुवातीलाही पूर्ण भरलेली नव्हती. शिवाय अशी बॅटरी अर्धवट उतरलेल्या स्थितीत दिवसेंदिवस राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचे स्फटिक घट्ट बसतात आणि तिची क्षमता कायमची कमी होते. म्हणजे नुकसान एका सकाळपुरते नव्हते.

मागची लिथियम बॅटरी जाड केबलने थेट पुढच्या बॅटरीला जोडून गाडी उठवावी, असा विचार आला होता. पण स्टार्टर शेकडो अँपिअर ओढतो आणि आमच्या बॅटरीचे संरक्षक सर्किट तेवढ्यासाठी बनवलेले नाही. म्हणून इन्व्हर्टरवर 10 अँपिअरचा साधा चार्जर लावला आणि घरच्या बॅटरीतून गाडीच्या बॅटरीत सहा तास वीज भरली. दुपारी तीनला इंजिन सुरू झाले. आता ट्रॅकरला स्वतंत्र स्विच आहे, आणि घरची बॅटरी भरत आली की उरलेली थोडी वीज आपोआप पुढे जाईल असा छोटा चार्जरही बसवला आहे. लांब मुक्काम करणाऱ्या प्रत्येकाने पहिला खर्च यावर करावा, असे माझे ठाम मत आहे.

सोलरचा धडा वाडीने दिला. वाडीच्या मालकांनी, ज्यांना गावात सगळे भाऊ म्हणतात, आम्हाला माडांच्या गार सावलीत जागा दिली होती. आमची रोजची गरज सुमारे एक युनिट. मोकळ्यावर 400 वॉटची पॅनले ती सहज भागवतात. इथे मात्र पाऊण युनिटही मिळेना. पॅनले एकामागे एक जोडलेली असली की एका झावळीची सावली पॅनलच्या एका पट्टीवर पडली तरी तेवढा भाग बाजूला पडतो, आणि सावली पुढे सरकेल तसे उत्पादन वर-खाली होत राहते. त्यातच जानेवारीत कोकणातला भरदुपारचा सूर्यही माथ्यावर नसतो, तो दक्षिणेकडे सुमारे 39 अंश कललेला असतो. टपावर सपाट निजलेले पॅनल तेवढ्यानेच पाचव्या हिश्श्याने कमी पडते. दोन दिवस दर तासाला सावलीची रेघ पाहून आम्ही गाडी विहिरीच्या बाजूला पंधरा फूट सरकवली आणि पॅनलांची उत्तरेकडची कड उचलून त्यांना दक्षिणेकडे कल दिला. “नारळ पडण्याचा धोकाही टळला हो,” असे भाऊ म्हणाले, आणि तेही खरेच होते.

पंपाच्या खोलीतून वायर घ्या, असे त्यांनी आपुलकीने सुचवले होते. मी आधी तपासले. संध्याकाळी दाब 170 व्होल्टपर्यंत उतरत होता, आणि अर्थिंगची तार खांबापाशीच तुटलेली होती. रबरी टायरांवर उभ्या असलेल्या गाडीच्या पत्र्यात वीज उतरली तर ती जमिनीत जायला वाट नसते. ओल्या मातीत अनवाणी उभा राहून जो दाराला हात लावेल, त्याच्या शरीरातून ती जाते. अर्थिंग दुरुस्त होईपर्यंत आणि गळतीला तुटणारा ब्रेकर बसेपर्यंत आम्ही ती वायर घेतली नाही.

“रोज दहा मिनिटे इंजिन चालू ठेवा,” हा सल्ला मात्र अनेकांनी दिला, आणि आजच्या डिझेल गाड्यांसाठी तो घातक आहे. उभ्या जागी इंजिन पुरते तापत नाही. काजळी डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये साठत जाते. ती जाळायला सुमारे 600 अंश तापमान लागते, ते गाठण्यासाठी इंजिन जादा डिझेल सोडते, आणि मध्येच ते बंद केले तर न जळलेले डिझेल ऑइलमध्ये मिसळते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली, तर तिचा अर्थ हाच असू शकतो. म्हणून त्या सकाळनंतर आम्ही दर दहा दिवसांनी खाडीवरचा पूल ओलांडून हर्णै, आसूद करत दापोलीच्या सड्यावर चढत होतो. त्या चढणीवर इंजिनाला खरा भार मिळतो, टायर एकाच जागी दबत नाहीत, ब्रेकच्या डिस्कवरचा गंज घासला जातो आणि बाजारही होतो.

खाऱ्या वाऱ्याची निगा रोजची होती. बॅटरीच्या टोकांना पेट्रोलियम जेली, चासीला जोडलेली अर्थची पट्टी घासून घट्ट करणे, आठवड्याला विहिरीच्या गोड्या पाण्याने गाडीचे पोट धुणे. हँडब्रेक ओढून ठेवला तर तो गंजून चिकटतो, म्हणून गाडी गिअरमध्ये आणि चाकांना दगड. टाकी भरलेली ठेवली, म्हणजे रात्रीच्या दमट हवेचे पाणी आत धरत नाही. उंदीर शिरू नयेत म्हणून रात्री बॉनेट उघडे ठेवत होतो, कारण त्यांना आडोसा लागतो.

फेब्रुवारीच्या अखेरीस निघालो, त्या सकाळी पुढच्या बॅटरीवर 12.7 व्होल्ट होते. भाऊंनी ओटीत घालायला सहा नारळ आणले होते. इंजिन पहिल्या फिरकीला लागले, तसे त्यांनी चाकांचे दगड स्वतः बाजूला केले.