येत नाही

मेसेज एवढाच होता : "आता बरं आहे. पुढच्या आठवड्यापासून येत नाही. मॅडमना सांगा, तुमची परीक्षा चांगली जाऊ दे."

माझ्या क्लायंट बाईंचा, समुपदेशन सेंटरच्या फोनवर आला. काकूंनी चष्मा कपाळावर सरकवून वाचून दाखवला, "तुमचा अकराचा स्लॉट मोकळा झाला हं" म्हणाल्या आणि पुढच्या माणसाकडे वळल्या. मीही "बरं" म्हणाले. बसमध्ये जागा मिळेपर्यंत ठीक होते. मग स्वारगेटच्या अलीकडे कुठेतरी ते परीक्षेचं वाक्य जे डोक्यात शिरलं ते रात्रीचे बारा वाजले तरी तिथेच आहे.

येत नाहीत, ठीक आहे. लोक मध्येच सोडतात हे पहिल्याच सेमिस्टरला सांगितलं होतं. मला छळतंय ते वेगळंच. माझी परीक्षा आहे हे त्यांच्या लक्षात होतं. म्हणजे समोरच्या खुर्चीत बसून त्या माझी काळजी करत होत्या?

त्यांची तक्रार काय, तर 'क्लायंटच्या शब्दांत' या मथळ्याखाली मीच टाइप केलंय : "मला कुणाला नाही म्हणता येत नाही. जीव जातो, पण तोंडातून हो निघतं." जावेच्या मुलीचं बाळंतपण ह्यांनी काढलं, भिशीचा हिशेब ह्यांच्याकडे, गणपतीची वर्गणी गोळा करायला दुपारच्या उन्हात जिने चढणार ह्याच. आणि अशा बाईंपुढे मी संमतिपत्र ठेवलं. मी शिकाऊ आहे, नाव आणि ओळख बदलून तुमची माहिती केस स्टडीत वापरली तर चालेल का, नको असेल तर स्पष्ट सांगा, सत्रं त्यामुळे थांबणार नाहीत. घडाघडा म्हटलं सगळं. त्यांनी फॉर्म न वाचता सही केली आणि विचारलं, "एवढ्यानं होईल ना तुझं काम?"

मला तेव्हा ते गोड वाटलं होतं.

नऊ प्रश्नांची ती नैराश्याची चाचणी, तिचंही तसंच. गेल्या दोन आठवड्यांत असं किती वेळा वाटलं, शून्य ते तीन. पेन हातात धरून त्या म्हणाल्या, "तुला कमी आलेले बरे की जास्त?" मी समजावलं की यात बरोबर-चूक नसतं, तुम्हाला वाटतं ते. त्यांनी मान डोलावली आणि प्रत्येक ओळीला माझ्या तोंडाकडे बघून खूण केली. तो स्कोअर आता तक्त्यात बसलाय, शेजारी 'सौम्य' असं लिहून. खाली 'माहिती विश्वासार्ह व पुरेशी' हेही आहे, कारण फॉरमॅटमध्ये ते लिहायचंच असतं.

आणि दर वेळी उठताना, "झालं का गं तुझं लिहून?"

तर मुद्दा असा की त्या आल्या कुणासाठी? हा प्रश्न मी बसमध्ये, जेवताना, भांडी घासताना फिरवून फिरवून बघितलाय. माझी फाईल पूर्ण व्हावी म्हणून येत असतील, तर फाईलमध्ये लिहिलेले उपचार हीच त्यांची तक्रार आहे. माझ्यापुढेही त्यांना नाही म्हणता आलं नाही, आणि मी त्याला 'उत्तम सहकार्य' म्हटलंय.

रूममेटची केस म्हणजे परीक्षेची धास्ती घेतलेला मुलगा. सगळ्या सत्रांना वेळेवर, आधीचा आलेख, नंतरचा आलेख, शेवटच्या भेटीत फीडबॅक फॉर्मवर स्मायली. तिची फाईल स्पायरल बाइंड होऊन टेबलावर पडलीये. माझ्या 'टर्मिनेशन'च्या मथळ्याखाली कर्सर लुकलुकतोय. तिथे नियोजित शेवटचं सत्र हवं, आढावा हवा, पुन्हा तसं वाटलं तर काय करायचं याची तयारी हवी. माझ्याकडे काकूंनी वाचून दाखवलेला मेसेज आहे. इतकी फी, हॉस्टेल, बाबांशी झालेलं ते सगळं... तो विषय आज नको. पण आपल्यालाच असं का मिळतं, हे आज मनात दोन-चारदा येऊन गेलं खरं.

नऊच्या सुमारास न राहवून माझ्या केसेस बघणाऱ्या मॅडमना फोन केला. त्यांनी मेसेज पुन्हा वाचायला सांगितला. मग म्हणाल्या, "अगं, पण त्यांनी नाही म्हटलं की."

हे मला का सुचलं नाही? गृहपाठ मीच दिला होता. या आठवड्यात एका माणसाला, एका छोट्या गोष्टीला नाही म्हणायचं, कारणं न देता. अल्बर्ट एलिस हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, पण त्याची पद्धत मराठीत आणणाऱ्या कि. मो. फडक्यांमुळे महाराष्ट्रात तो जवळजवळ घरचाच, त्यामुळे आमच्याकडे कुणालाही विचारा, ए-बी-सी तोंडपाठ असतं. ए म्हणजे घडलेली गोष्ट, सी म्हणजे परिणाम, आणि खरी गोम मधल्या बीमध्ये, आपल्या समजुतीत. त्यांचा बी मी वहीत ठळक केला होता : सगळ्यांनी मला चांगलंच म्हटलं पाहिजे. गृहपाठाचं काय झालं विचारलं की त्या म्हणायच्या, "अजून तसा प्रसंगच नाही आला." आता आला. पहिलं नाही त्यांनी मलाच दिलं, आणि वर एक आशीर्वाद चिकटवला. आशीर्वादानं ते नाही पातळ होतं का? जावेला असंच म्हणतील का? की मी आपली सर्वांत सोपी निघाले, शिकाऊ, वयानं लहान, पुन्हा कधी न भेटणारी?

म्हणजे एकाच मेसेजवरून उपचार लागू पडले असंही लिहिता येतं आणि अजिबात पडले नाहीत असंही. मॅडमना हे बोलले तर त्या हसल्या. "बरं, त्या तुझ्यासाठी आल्या असं धरू. मग तुझा बी काय?" मी गप्प. लिहूनच टाकते : क्लायंटला माझ्यामुळेच बरं वाटलं पाहिजे, आणि जाताना त्यांनी तसं मला सांगितलंही पाहिजे. घ्या. त्यांच्यात आणि माझ्यात फरक एवढाच की माझ्याकडे फॉरमॅट आहे.

मग अभ्यासाच्या नावाखाली जुन्या नोट्स काढल्या. मनोविश्लेषणवाल्या फ्रॉईडची, डोरा नावाच्या पेशंटची केस पुन्हा वाचली. व्हिएन्ना, 1900 सालचा 31 डिसेंबर. अठरा वर्षांची मुलगी फ्रॉईडला सांगते की आजचा शेवटचा दिवस. हे कधी ठरवलंस, विचारल्यावर म्हणते, पंधरवड्यापूर्वी. फ्रॉईड म्हणतो, ही तर मोलकरणीनं द्यावी तशी नोटीस झाली. चव्वेचाळीस वर्षांचा गृहस्थ चक्क रुसलाय! पुढच्याच महिन्यात त्यानं ती केस लिहून काढली, शीर्षकातच तिला तुकडा म्हटलं आणि 1905 मध्ये छापली. सव्वाशे वर्षं होत आली, जगभर शिकवताहेत. आमच्याकडे तुकडा दिला तर 'अपूर्ण' शेरा मारून फाईल परत येते.

एलिसचंही तेच. एकोणिसाव्या वर्षी, बायकांशी बोलायची भीती जावी म्हणून न्यूयॉर्कमधल्या एका बागेत महिनाभर शंभरेक अनोळखी बायकांशी बोलला म्हणे. किस्सा त्याचाच. भेटायला एकच कबूल झाली, आणि तीही आली नाही. त्यावरून तो काय शिकला हे आम्हाला परीक्षेत विचारतात. ती बाई का आली नाही, हे कुणी विचारत नाही.

टर्मिनेशनखाली शेवटी तिघांतल्या कुणालाच न आवडणारं वाक्य टाकलं, म्हणजे मला, मॅडमना आणि परीक्षकांना : 'क्लायंटने स्वतःहून सत्रे थांबवली. कारण : आता बरं आहे.' मेसेज त्यांच्याच शब्दांत खाली जोडला. परीक्षेचं वाक्य एकदा काढलं, पुन्हा घातलं, पुन्हा काढलं. ओळख पटेल असं त्यात काही नाही, तेव्हा गोपनीयतेची सबब चालायची नाही. आत्ता ते आत आहे.

'सहकार्य उत्तम'च्या जागी 'क्लायंट समुपदेशकाच्या अपेक्षेचा अंदाज घेऊन उत्तरे देत असाव्यात' असं केलंय. यानं चाचणीच्या स्कोअरला काही अर्थ उरत नाही, आणि तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतील.

'सेल्फ-रिफ्लेक्शन' राहिलंय. त्याला मर्यादा तीनशे शब्दांची आहे आणि वरचं सगळं त्यात मावत नाही. बाबांचं तर मी अजून काढलंही नाही.