तुळईच्या टोकापासून ट्रायग्लिफपर्यंत

वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, नोकरी सांभाळून, मी प्राचीन संस्कृतींच्या इतिहासाच्या पदविकेला प्रवेश घेतला तेव्हा राजवंश आणि सनावळ्या जड जातील अशी माझी अटकळ होती. प्रत्यक्षात अडले ते ‘कला व स्थापत्य’ या पेपरच्या पारिभाषिक संज्ञांपाशी. ग्रीक, अरबी, अक्कडी, संस्कृत, प्राकृत अशा भाषांतून आलेले १४० शब्द आणि प्रत्येकापुढे एका ओळीची व्याख्या अशी ती यादी होती. पहिल्या अंतर्गत चाचणीत मला ५० पैकी १७ गुण मिळाले. मस्तबा या इजिप्तमधल्या थडग्याला मी मंदिर म्हटले होते, ग्रीक मंदिराच्या खांबांवरच्या पट्ट्यातील ट्रायग्लिफ आणि मेटोप यांची अदलाबदल केली होती आणि स्तूपाच्या माथ्यावरची हर्मिका, म्हणजे चौकोनी कठडा, पायथ्याशी नेऊन बसवली होती.

यादी अकारविल्हे होती आणि खरी अडचण तीच होती. मी तिची झेरॉक्स काढली, कात्रीने एकेक शब्द वेगळा केला आणि घर ज्या क्रमाने उभे राहते त्या क्रमाने चिठ्ठ्या वहीत डकवल्या: जोते, भिंत, खांब, तुळई, छप्पर. शिवाय प्रत्येक चिठ्ठीपुढे एकच प्रश्न लिहिला, की हा भाग काम काय करतो?

जोत्यापासूनच फरक जाणवू लागला. मस्तबा हा अरबी शब्द असून त्याचा अर्थ बसायचा बाक, म्हणजे आपला ओटा. उतरत्या बाजूंच्या, सपाट माथ्याच्या त्या आयताकार थडग्यांना हे नाव का पडले असेल हे त्यानंतर वेगळे पाठ करावे लागले नाही. इजिप्तमध्ये सक्कारा येथे इ. स. पू. सत्ताविसाव्या शतकात जोसेर राजासाठी असे आकाराने लहान होत जाणारे सहा टप्पे एकावर एक चढले आणि पायऱ्यांचा पिरॅमिड झाला, हेही ओघाने आले. मेसोपोटेमियातला झिगुरात बाहेरून त्याच्यासारखा दिसतो, पण त्याचे काम निराळे आहे. तो थडगे नसून भरीव चौथरा आहे आणि देवाचे घर त्याच्या माथ्यावर असे. उर येथील झिगुरातचा गाभा कच्च्या विटांचा असून बाहेरचे कवच डांबरात बसवलेल्या भाजक्या विटांचे आहे; आतली ओल निघून जावी म्हणून त्या कवचात ठिकठिकाणी भोके ठेवलेली आहेत. हायपोस्टाइल म्हणजे खांबांनी छत पेललेले दालन. इजिप्तमधल्या कर्नाकच्या मंदिरातील अशा दालनाच्या १३४ खांबांपैकी मधल्या रांगांतले १२ अधिक उंच का, याचे उत्तर उजेडात आहे: मधले छत उचलले की दोन्ही छतांच्या उंचीतल्या फरकात जाळीच्या खिडक्या बसवता येतात.

ग्रीक मंदिरापाशी मात्र ही युक्ती थकली. खांबांवरच्या पट्ट्यात तीन उभ्या दांड्यांचा ट्रायग्लिफ, मग चौकोनी मेटोप, मग पुन्हा ट्रायग्लिफ, अशी रांग असते. पण ट्रायग्लिफ काही पेलत नाही, काही अडवत नाही. मग तो आहे कशाला?

उत्तर मे महिन्यात, आजोळी संगमेश्वरला, घराचे छप्पर उतरवले जात असताना मिळाले. पडवीच्या बाजूला बाहेर आलेल्या तुळयांच्या टोकांवर सुतारकाका फळीचे तुकडे ठोकत होते. “काका, हे शोभेसाठी का?” असे मी विचारले. “शोभा कसली, ताई! लाकूड आडवे कापले की तिथून पाणी पिते. टोक झाकले नाही तर तुळई आतून कुजते.”

इ. स. पू. पहिल्या शतकातला रोमन वास्तुकार विट्रुव्हियस नेमके हेच सांगतो. जुने सुतार तुळयांची बाहेर आलेली टोके कापून त्यांवर फळ्या ठोकत, त्या निळ्या मेणाने रंगवत आणि त्यांचेच रूप पुढे ट्रायग्लिफमध्ये उरले, असे त्याचे म्हणणे आहे. तुळई ज्या खोबणीत बसते तिला ग्रीकमध्ये ‘ओपे’ म्हणतात आणि मेटोप म्हणजे दोन खोबणींमधली जागा. ट्रायग्लिफखाली दिसणारे गुट्टे, म्हणजे ‘थेंब’, लाकडी खुंट्यांसारखे का दिसतात हेही त्यामुळे उलगडते. हा खुलासा सर्व अभ्यासकांना मान्य नाही, कारण तुळया एकाच दिशेने जात असताना ट्रायग्लिफ मंदिराच्या चारही बाजूंना आढळतात, आणि हा आक्षेप मला रास्त वाटतो. तरीही ऑलिंपियाच्या हेरा मंदिरात एक खांब ओकच्या लाकडाचा असल्याचे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ग्रीक प्रवासी पौसानियसने नोंदवले आहे, तेव्हा लाकडाकडून दगडाकडे झालेला प्रवास निव्वळ कल्पना म्हणता येणार नाही. वहीत मी दुसरा प्रश्न लिहिला: हा भाग आज काम करत नसेल, तर पूर्वी कोठे करत होता?

हा प्रश्न घेऊन पावसाळ्यानंतर मी कार्ल्याला गेले. एकवीरेच्या दर्शनाची गर्दी ओलांडून चैत्यगृहात, म्हणजे लेण्यातल्या स्तूप असलेल्या बौद्ध प्रार्थनागृहात, शिरल्यावर प्रथम डोळे अंधाराला सरावू द्यावे लागतात. सुमारे ३८ मीटर लांबीचे हे दालन डोंगरात कोरलेले असल्याने तेथील खांब वास्तविक काहीच पेलत नाहीत, आणि गजपृष्ठाकार छताला लावलेले सागाचे वासे तर मुळीच नाहीत. सुमारे दोन हजार वर्षे ते तेथे आहेत ते लाकडी सभागृहाची आठवण म्हणून. दोन्ही बाजूंना प्रत्येकी १५ अलंकृत खांब आहेत आणि स्तूपामागचे ७ साधे, अष्टकोनी आहेत. अलंकृत खांबांच्या तळाशी पायऱ्यांच्या बैठकीवर दगडी कुंभ आहेत. लाकडी खांबाला वाळवी लागू नये म्हणून तो पाण्याच्या भांड्यात उभा करण्याच्या पद्धतीतून हा कुंभ आला, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. आजी दुधाच्या जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याने भरलेल्या वाट्यांत ठेवत असे, त्यामुळे मला ते लगेच पटले; पुरावा म्हणून अर्थातच ते पुरेसे नाही.

स्तूपासमोर बसून मी तळापासून वर नावे लिहिली: मेधी (जोते), अंड (भरीव घुमट), हर्मिका, यष्टी (दांडा), छत्र. कार्ल्याचे छत्रही लाकडाचेच आहे. बाहेर पडताना व्हरांड्यातला लेख पाहिला. वैजयंती नगरीच्या भूतपाल श्रेष्ठीने पूर्ण करवलेल्या या वास्तूला त्यात ‘सेलघर’, म्हणजे दगडी घर, म्हटले आहे. नाशिकच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात तर ‘लेण’ आणि पाण्याच्या टाक्यांसाठी ‘पोढियो’ असे शब्द आहेत. यादीत लेण्यांपुढे ‘शैलोत्कीर्ण वास्तू’ असा शब्द छापलेला होता. लेणे म्हणायला कोणाची हरकत होती, हे मला अजून कळलेले नाही.

वार्षिक परीक्षेत डोरिक, म्हणजे ट्रायग्लिफ असलेल्या ग्रीक शैलीच्या, मंदिराचा वरचा भाग काढून नावे लिहिण्याचा प्रश्न आला. मी आधी तुळयांची टोके काढली, मग त्यांवर फळ्या, मग खुंट्या, आणि नावे सर्वांत शेवटी लिहिली. त्या पेपरात मला १०० पैकी ७१ गुण पडले. गेले त्यांतले बरेचसे रोमन घुमटांवर गेले, कारण आमच्या आजोळी घुमट नव्हता.