७२ सालचा पिकअप आणि काकांचा टर्बो ४००

काका काठी टेकत दुकानात आले. त्यांचा ट्रक बाहेर टोइंगच्या गाडीवर चढवलेलाच होता. १९७२ सालचा शेवरले सी-१०, लांब हौद्याचा. हौद्याच्या कडा मिठाने खाल्लेल्या. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि जुन्या गाड्यांचा पत्रा त्यातच जातो. पण इंजिन ठणठणीत. ३५० घनइंचाचं व्ही-८, किल्ली फिरवली की पहिल्या हाकेला ओ देणारं.

माझ्या शर्टावरचं आडनाव वाचून काका म्हणाले, "मराठीतच बोलू. या गाडीविषयी इंग्रजीत बोलायला मला जमत नाही."

डेट्रॉइटच्या पश्चिमेला एका ट्रान्समिशनच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या दुकानात मी ११ वर्षं काम करतोय. त्याआधी सांगलीला मामांच्या गॅरेजमध्ये ट्रकचे गिअरबॉक्स उघडले. तिथे मेलेली वस्तू पुन्हा चालती करायची, एवढंच काम. इथे जुन्या पिकअपवर जीव असलेली माणसं येतात आणि विचारतात, "कोणता बसवू?" या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार असायचं. काकांनी त्या दिवशी ते बदलायला लावलं, म्हणून हे लिहितोय.

काकांचं वय ७९. पुण्याहून इंजिनिअर होऊन १९७१ ला इथे आले आणि पुढची नोकरी डेट्रॉइटजवळच्या विलो रनच्या कारखान्यात केली. दुसऱ्या महायुद्धात फोर्डने तिथे बी-२४ बॉम्बर बनवले, भरात असताना तासाला एक विमान. ऑगस्ट १९५३ मध्ये जनरल मोटर्सचा लिव्होनियाचा ट्रान्समिशन कारखाना जळाला आणि त्यांची ऑटोमॅटिक ट्रान्समिशन बनवणारी शाखा, हायड्रामॅटिक, विलो रनला आली. काका तिथे टर्बो ४०० च्या, म्हणजे जनरल मोटर्सच्या तीन गिअरच्या ऑटोमॅटिक ट्रान्समिशनच्या लाइनवर होते. २०१० ला कारखाना बंद झाला, पुढे बराचसा पाडला. हे सगळं त्यांनी लगेच सांगितलं नाही. सुरुवातीला एवढंच म्हणाले, "डावा गुडघा बदललाय. क्लच दाबवत नाही."

ट्रकात मूळचा चार गिअरचा एसएम-४६५ होता. ओतीव लोखंडाचा, जवळजवळ ऐंशी किलोचा. त्याचा पहिला गिअर ६.५५ चा, इंजिन ६.५५ फेरे घेईल तेव्हा गिअरबॉक्समधून एकच फेरा बाहेर पडतो, म्हणजे गाडी चालत्या माणसाच्या पायाने जाणार. रिकाम्या ट्रकात तो कुणी वापरत नाही, दुसऱ्यावरच उचलतात. काका मात्र वर्षातून एकदा वापरायचे. मंडळाच्या गणपतीची मिरवणूक हायस्कूलच्या पार्किंगमध्ये निघते, तेव्हा मूर्ती याच हौद्यात असते आणि पुढे लेझीम. चाळीस वर्षं पहिल्या गिअरमध्ये, ब्रेकला पाय न लावता.

आता ऑटोमॅटिक बसवायचं होतं. मी नेहमीप्रमाणे ७००-आर-४ सुचवला. १९८२ ला आला, चार गिअर, पहिला ३.०६, चौथा ०.७०. पहिला खोल असल्याने गाडी चटकन उठते आणि चौथ्याने हायवेवर इंजिन शांत होतं. घ्यायचा तर १९८५ किंवा त्यानंतरचा घ्यावा, त्याचा इनपुट शाफ्ट ३० दात्यांचा आहे. आधीचा २७ दात्यांचा, तो मोठ्या इंजिनला पुरत नाही. काकांसमोर कागदावर हिशेब मांडला. मागच्या ॲक्सलचं गुणोत्तर ३.७३, टायर साडेअठ्ठावीस इंची. तासाला ७० मैलांवर तीन गिअरच्या कोणत्याही ट्रान्समिशनने इंजिन मिनिटाला ३,०८० फेरे घेईल, ७००-आर-४ ने २,१५५. काकांची मुलगी कोलोरॅडोला. एवढ्या लांबच्या रस्त्यावर ९०० फेऱ्यांचा फरक म्हणजे पेट्रोल आणि कान दोन्हींची बचत.

काकांनी हिशेब तपासला. बरोबर होता. मग म्हणाले, "चारशे बसव."

मला वाटलं, म्हातारा माणूस, जन्मभर जी वस्तू बनवली तिच्यावर जीव जडलाय. त्याचा मान ठेवावा म्हणून मी मधला मार्ग काढला. टर्बो ४०० चाच पुढचा वंशज ४-एल-८०-ई, १९९१ चा. पहिले तीन गिअर तेच, २.४८, १.४८ आणि १, वर चौथा ०.७५. तोही विलो रनचाच. लांब आणि जड आहे, पण चार गिअरच्या या ट्रकांना केबिनच्या तळाला उंच उंचवटा असतो, त्यामुळे जागा मिळाली असती. फक्त त्याला कंट्रोलर लागतो आणि कार्ब्युरेटरला सेन्सर जोडावा लागतो.

"म्हणजे कॉम्प्युटर."

"हो काका. छोटा डबा असतो, सीटखाली बसतो."

त्यांनी मान हलवली आणि शेजारच्या लिफ्टकडे बोट केलं. "त्याचं काय झालं?"

त्या लिफ्टवर दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचा पिकअप होता, त्यात ७००-आर-४. सकाळीच मी त्याचा पॅन उतरवला होता. ऑइल लाल असायला हवं, ते काढ्यासारखं काळं झालेलं. पॅनच्या तळाला क्लचच्या प्लेटांचा भुगा, बोटावर घेतला तर मऊ, शेगडीतल्या राखेसारखा. तिसऱ्या-चौथ्या गिअरच्या प्लेटा पूर्ण जळाल्या होत्या. कुणीतरी कार्ब्युरेटर बदलला होता आणि टीव्ही केबल चुकीच्या कोनात, ढिली लावली होती. टीव्ही म्हणजे थ्रॉटल व्हॉल्व्ह. ॲक्सिलरेटर किती दाबलाय हे ती केबल ट्रान्समिशनला सांगते आणि त्यावर आतल्या ऑइलचं प्रेशर ठरतं.

"ट्रान्समिशनचा दोष नाही काका. केबल नीट लावली की हा फार चांगला आहे. मी कितीतरी बसवलेत."

"दोष कुणाचा ते मी विचारत नाही," काका म्हणाले. "केबल ढिली पडली तर प्रेशर वाढतं की कमी होतं?"

"कमी होतं."

"मग प्लेटा घसरतात. आणि चालवणाऱ्याला काय जाणवतं? गिअर मऊ पडतोय. त्याला बरंच वाटतं. तो तसाच ३०० मैल जातो. आता आमच्या चारशेला केबल नाही, व्हॅक्यूमची नळी आहे, मॉड्युलेटरला जाणारी. ती नळी निघाली तर?"

मी क्षणभर थांबलो. उत्तर मला ठाऊक होतं, पण कधी या बाजूने त्याकडे बघितलंच नव्हतं. व्हॅक्यूम म्हणजे इंजिनची हवेची ओढ, आणि मॉड्युलेटर म्हणजे त्या ओढीवरून प्रेशर ठरवणारा भाग. ओढ गेली की मॉड्युलेटर समजतो, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलाय. प्रेशर चढतं. गिअर उशिरा पडतात आणि धक्का देऊन पडतात.

"धक्के बसतात," मी म्हणालो.

"धक्के बसले की माणूस गाडी बाजूला घेतो, खाली वाकतो, नळी लटकताना बघतो आणि परत खोचतो. प्लेटा शाबूत." काकांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "माझ्यानंतर ही गाडी नातवाकडे जाणार. त्याला यातलं काही येत नाही. बिघडली तर ओरडून सांगेल अशी वस्तू मला त्याच्या हातात द्यायची आहे."

गुणोत्तरांचा माझा कागद तसाच टेबलावर पडून होता. दुकानात रोज हीच चर्चा चालते: पहिला किती खोल, चौथा किती लांब, किती हॉर्सपॉवर झेपेल. बिघाड कोणत्या बाजूला झुकतो हा प्रश्न ११ वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने विचारला नव्हता, आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. आता प्रत्येकाला आधी हेच विचारतो की गाडी कोण चालवणार, आणि त्याला गाडीची भाषा किती कळते. जो स्वतः केबलचा ताण तपासेल त्याला मी आजही ७००-आर-४ च देतो.

हायवेचा प्रश्न मात्र उरलाच होता. तो मी सोडवला आणि काकांना ते मनापासून आवडलं. ट्रान्समिशन तीन गिअरचं राहू दे, मागचा ॲक्सल बदलू. याच पिढीच्या ट्रकांना कारखान्यातूनच ३.०७ चा ॲक्सलही यायचा. भंगाराच्या यार्डात शोधून अख्खा आणला. तोच ७० मैलांचा वेग आता २,५३५ फेऱ्यांना, आणि काका ६५ च्या वर जातच नाहीत. उठताना थोडी जड वाटेल, पण टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिन आणि ऑटोमॅटिक यांच्यातला ऑइलचा दुवा, ती उणीव भरून काढतो. क्रॉसमेंबर, म्हणजे ट्रान्समिशनला खालून आधार देणारी आडवी पट्टी, मागे सरकवला. या लांब ट्रकाचा प्रोपेलर शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो, म्हणून फक्त पुढचा तुकडा नव्या मापाचा करून घेतला. स्पीडोमीटरचा प्लास्टिकचा गिअर बदलला, तो नाही बदलला तर काटा खोटं सांगतो.

टर्बो ४०० मी एका शनिवारी बांधायला घेतला. काकांना म्हटलं, या. ते स्वतःचा ॲप्रन घेऊन आले.

प्लेटा रात्रभर ऑइलमध्ये भिजत ठेवल्या होत्या. काका स्टुलावर बसले आणि एकेक प्लेट माझ्या हातात देत गेले, एक स्टीलची, एक अस्तराची. थ्रस्ट वॉशर जागेवर राहावेत म्हणून व्हॅसलीन लावतात. काकांनी डब्यात बोट घातलं आणि वॉशरवर असा पातळ हात फिरवला की पुढच्या वॉशरला मी त्यांचीच नक्कल केली. आमच्यात फारसं बोलणं झालं नाही. मधेच एकदा म्हणाले, "मिशी लागली ना ऑइलला? आमच्याकडे फोरमन असता तर घरी पाठवलं असतं."

सगळं बसल्यावर हवेची चाचणी असते. व्हॉल्व्ह बॉडी, म्हणजे ऑइलची वाट ठरवणारा भाग, लावण्याआधी केसच्या छिद्रांतून कॉम्प्रेसरची हवा सोडायची. सील नीट बसलं असेल तर आतला पिस्टन उचलतो, प्लेटा आवळल्या जातात आणि ‘धप्प’ असा आवाज येतो. नुसती फुसफुस झाली तर सील कापलं गेलंय, परत उघडा.

काकांना ऐकू कमी येतं. दुकानात कॉम्प्रेसर चालू, रेडिओ चालू. मी म्हटलं, थांबा, सगळं बंद करतो. त्यांनी मानेनेच नको म्हटलं आणि उजवा तळहात ॲल्युमिनियमच्या केसवर सपाट ठेवला, नाडी बघणाऱ्या वैद्यासारखा. डोळे मिटले.

मी हवा सोडली. काकांचा अंगठा किंचित हलला.

"फॉरवर्ड," म्हणाले. आतल्या क्लचचं नाव.

दुसऱ्या छिद्रात सोडली. "डायरेक्ट." तिसऱ्यात सोडली तेव्हा जरा वेळ काही बोलले नाहीत. "परत." मी परत सोडली. "हा इंटरमीडिएट. उशिरा आला. प्लेटांत जागा जास्त आहे, मोजून बघ."

फीलर गेज घालून मोजलं. खरंच जास्त होती. मी जुनी एक स्टील प्लेट पुन्हा वापरली होती, ती झिजलेली निघाली. नवी घातली. पुन्हा हवा, पुन्हा तळहात. या वेळी ते काहीच बोलले नाहीत, फक्त हात उचलला आणि ॲप्रनला पुसला.

ट्रक घरी गेला त्या रात्री साडेनऊला फोन आला. मला वाटलं काहीतरी गळतंय.

"दुसऱ्याचा तिसरा जरा लवकर पडत होता," काका म्हणाले. "मॉड्युलेटरचा स्क्रू अर्धा फेरा आत घेतला. आता बरोबर पडतोय."

"काका, एकटे ट्रकखाली गेलात? गुडघा..."

"नातू होता ना. मी बाहेर खुर्चीवर होतो. त्याला नळी दाखवली, म्हटलं ही काढ. गाडी कशी ओरडते ते आधी ऐक, मग स्क्रूला हात लाव."