आमची वाटचाल : शिरोलीहून आणलेलं सीएनसी

2009 साली बेळगावच्या उद्यमबागेत भाड्याच्या शेडमध्ये आप्पांची साधी ऑल गिअर लेथ लावून आम्ही सुरुवात केली. फाउंड्रीवाल्यांचे बुश, पुली, फ्लँज असं जॉबवर्क. पोट भरत होतं, पण हायड्रोलिकचं काम आमच्या दारावरून पुढं जायचं. सिलिंडरच्या ग्लँडमधल्या, म्हणजे दांडा बाहेर येतो त्या तोंडाच्या भागातल्या, सीलच्या खाचांच्या मापातला फरक 20-25 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत लागतो. आप्पांच्या हातात ते कसब होतं. मात्र पहिल्या जॉबचं माप पाचशेव्यालाही तसंच, हे हाताच्या लेथवर दिवसभर टिकत नाही.

त्यासाठी सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर चालणारी लेथ हवी. पण नव्या सीएनसीचं कोटेशन आमच्या वर्षाच्या उलाढालीपेक्षा मोठं होतं आणि जुन्या मशीनवर बँक कर्ज देईना. 2019 च्या जूनमध्ये कोल्हापूरजवळच्या शिरोलीत 1996 चं, फॅनुक झिरो-टी कंट्रोलचं (कंट्रोल म्हणजे मशीन चालवणारा कॉम्प्युटर) एक मशीन बंद पडून आहे असं कळलं. मालक ते भंगारात काढायच्या बेतात होते. व्यवहार 2,40,000 वर ठरला. त्यातले 80,000 बायकोच्या भिशीचे. हायड्रा क्रेननं उचलून ट्रकवर चढवलं, ताडपत्री घट्ट बांधली आणि भर पावसात रात्री तवंदी घाट चढून बेळगावात आणलं.

कंट्रोल पेटायचा, पण पडद्यावर अलार्मच अलार्म. मला लगेच कंट्रोलची इलेक्ट्रॉनिक कार्डं असलेलं पॅनल उघडायचं होतं. आप्पा म्हणाले, "थांब. आधी लोखंड बघ. बेड गेला असेल तर त्या कार्डांवर पैसा कशाला घालतोस?" त्यांचं ऐकलं म्हणून वाचलो. जुनं मशीन घेणाऱ्या प्रत्येकाला मी आज हेच सांगतो.

तीन आठवडे फक्त धुणं आणि मोजणं. टेलिस्कोपिक कव्हरच्या आत बिडाची बर, म्हणजे कापताना निघालेला कीस, आणि कूलंट मिळून दगड झाला होता. ल्युबच्या, म्हणजे वंगणाच्या, नळ्या चोंदलेल्या. स्लाइडला किती वर्षं तेल पोचलं नव्हतं देव जाणे. बेड, म्हणजे स्लाइड जिच्यावर सरकते ती बैठक, मात्र शाबूत निघाला. जॉब फिरवणाऱ्या स्पिंडलला डायल (सूक्ष्म माप दाखवणारा गेज) लावला, डगमग फक्त 6 मायक्रॉन. त्या रात्री मला झोप लागली.

झेड अक्षाला, म्हणजे जॉबच्या लांबीच्या दिशेला, बॅकलॅश (दिशा बदलताना येणारी सैल चाल) 80 मायक्रॉन होता. बघायला आलेले दोघे म्हणाले, स्लाइड सरकवणारा बॉलस्क्रू गेला, बदला. तेवढे पैसे नव्हते, म्हणून डायल स्क्रूच्या टोकाला लावला आणि स्लाइड मागेपुढे ढकलली. स्क्रू स्वतःच सरकत होता! म्हणजे खरी झीज टोकाच्या अँग्युलर काँटॅक्ट बेअरिंगच्या जोडीत. ती बदलल्यावर बॅकलॅश 20 वर आला आणि उरलेला पुढं कंट्रोल चालू झाल्यावर पॅरामीटरमध्ये, म्हणजे कंट्रोलमध्ये साठवलेल्या मशीनच्या आकड्यांत, भरला. सगळेच 80 भरून मोकळं होता आलं असतं, पण आकड्यानं फक्त माप सावरतं. सैलपणा तिथंच राहतो आणि टूलचा दाब पडला की जॉबवर लहर उमटते.

मग कंट्रोल. या कंट्रोलची पॅरामीटर्स ज्या मेमरीत असतात ती टॉर्चच्या तीन मोठ्या सेलवर जिवंत राहते. मशीन वर्षानुवर्षं बंद, सेल संपलेले, मेमरी कोरी. बंगळूरला मेंटेनन्समध्ये आयुष्य घालवून अनगोळला राहायला आलेले एक कन्नड सर मदतीला आले. ते कन्नडमध्ये बोलत, आम्ही मराठीत, काही अडत नव्हतं. पॅनलच्या दाराच्या आतल्या खिशात त्यांनी हात घातला आणि मूळ पॅरामीटर शीट बाहेर काढलं. तेलानं माखलेलं, पण पूर्ण. 900 च्या पुढच्या क्रमांकांची पॅरामीटर्सही त्यात होती. मशीनला दिलेल्या जादा सोयी, म्हणजे ऑप्शन्स, त्यांवर ठरतात आणि ती अंदाजानं भरता येत नाहीत.

कागदामागे मोबाईलचा उजेड धरून बायको एकेक ओळ वाचायची, मी टाइप करायचो, पुतण्या ताडून बघायचा. दोन संध्याकाळी गेल्या. मी घाई केली की सर म्हणायचे, "निधान, निधान." म्हणजे सावकाश. एक शून्य चुकलं तर अक्ष उलटा धावू शकतो. म्हणून पहिली हालचाल अगदी कमी वेगावर आणि सरांचा हात इमर्जन्सी बटणावर. आधी आडवा एक्स अक्ष सरकला, मग झेड. आप्पांनी टोपी काढून मशीनला हात जोडले.

415 चे 200 व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर, स्टॅबिलायझर आणि वेगळं अर्थिंग यांत शेवटचे पैसे गेले. सगळं मिळून 4,12,000. एवढ्यात अर्थिंग तरी वाचवू असं मनात आलं होतं, सरांनी ते होऊ दिलं नाही.

पहिली ऑर्डर 40 ग्लँडची होती. तपासणीत 38 पास झाले. नापास दोन मी अजून टेबलावर ठेवलेत. जॉब पकडणाऱ्या चकच्या जॉमध्ये बर अडकली होती, दुसरं कारण नव्हतं. आज चौघं कामाला आहेत आणि निम्मं काम हायड्रोलिकचं आहे.

सगळी पॅरामीटर्स कॉम्प्युटरवर उतरवून घेतली आहेत, छापील प्रत घरच्या कपाटात आहे. दर खंडेनवमीला पूजेआधी आम्ही ते तीन सेल बदलतो, कंट्रोल चालू ठेवूनच, कारण बंद करून काढले तर मेमरी जाते. टरेटचं, म्हणजे टूल धरणाऱ्या फिरत्या चकतीचं, पाच नंबरचं स्टेशन अजून नीट बसत नाही. तिथं सध्या फक्त ड्रिल लावतो. येत्या दिवाळीच्या सुट्टीत टरेट उघडायचा आहे.